ठकुबाईंची चाल

आमच्या घराण्याच्या आरतीला वेळ लागतो, हे मी कधीच नाकारलेलं नाही. चामराजपेटेतल्या आमच्या घरी चतुर्थीला पाहुणे येत, हात जोडून उभे राहत, मग एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत आणि शेवटी भिंतीला टेकत. लहान मुलं उभ्याउभ्या पेंगत. एका भाच्याचं म्हणणं असं, की आरती सुरू झाल्यावर तो कोपऱ्यावर जाऊन विसरलेल्या दूर्वा घेऊन परत आला, तरी आम्ही पहिल्याच कडव्यात होतो. भाचा थापाड्या आहे. दुसरं कडवं लागलं होतं.

पण चाल म्हणजे चाल. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या मागून बेंगळुरात आले ते तलवारी, तांब्याची भांडी आणि ही चाल घेऊन आले, असं माझे थोरले दीर हणमंतराव सांगत. तलवारी कुठे गेल्या माहीत नाही, भांडी मोडीत गेली, चाल तेवढी राहिली. तिकडे पुण्याच्या लोकांनी मागाहून तिला घाई लावली. मूळ चाल आमच्यापाशी.

याला पुरावा होता आणि तो माझ्या सासूबाईंच्या आवाजात होता. सासूबाईंचं नाव ठकुबाई. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी, ऐन वयात त्या गेल्या. जाण्याआधीच्या चतुर्थीला हणमंतरावांनी नव्या नोकरीच्या उत्साहात एक टेपरेकॉर्डर घरी आणला होता, दोन मोठ्या चक्रांचा, बॅगेएवढा. त्यावर त्यांनी आईची आरती भरून घेतली. त्या गेल्यावर घरात प्रथा पडली. चतुर्थीला यंत्र पाटावर मांडायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं, कळ दाबायची आणि ठकुबाईंच्या मागून सगळ्यांनी म्हणायचं. ही टेप वर्षातून एकदाच लावायची. गेलेल्या माणसाला पुन्हापुन्हा उठवू नये, असं हणमंतराव म्हणत.

काय आवाज होता तो! जड, खोल, एकेक शब्द दगडी पायरीसारखा. नव्या नवरीच्या वेषात पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मी पदर सावरला होता. पुढे तो वर्षागणिक अधिकच भारदस्त होत गेला. घरातल्या पुरुषांनाही त्या पट्टीत म्हणायला सोपं जाऊ लागलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ठकुबाई एकदम थांबत. आधी एक लांबलचक ओंकार येई आणि मग हुंकार, हंऽऽ, हंऽऽ, हंऽऽ, विहिरीच्या तळातून यावा तसा. हणमंतरावांच्या मते ती समाधी होती. त्या जागी आम्ही सगळे वाकून नमस्कार करायचो. नवी सून घरात आली की तिला आधी हळदकुंकवाची डबी दाखवत आणि मग हुंकाराची जागा.

आमचे यजमान (आमच्याकडे नवऱ्याला असंच म्हणतात, कन्नडची संगत) नमस्कार करून उठताना दरवर्षी म्हणत, "आई दमली." त्यावर हणमंतराव म्हणत, "वय होतंय तिचं." कधीच जाऊन चुकलेल्या बाईचं वय कसं होतं, हे कुणी विचारलं नाही. आमच्या घरात थोरल्यांना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

मी मात्र या बाईला भ्याले. जिवंत सासू असती तर कधी तिचं डोकं दुखलं असतं, कधी तिला लाडू जास्त झाला असता, माणूस म्हणून कळली असती. ही नुसता हुंकार होती. माहेरी स्वयंपाक करताना मला गुणगुणायची सवय होती. ती मी सोडली. असा आवाज असलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात कुणी गुणगुणतं का?

असो. हणमंतराव गेले, यजमान गेले, चामराजपेटेतलं घर गेलं, आणि मी मुलाकडे, सुमंतकडे, व्हाइटफील्डला आले. इथे इमारती इतक्या उंच, की खालून हाक मारायची सोयच नाही. या संकुलात पुण्या-नागपुराकडची कॉम्प्युटरवाली मंडळी पुष्कळ. त्यांचं एक मराठी मंडळ आहे आणि ते खालच्या सभागृहात गणपती बसवतात. मी आले त्या वर्षी मोठ्या उमेदीने आरतीला पुढे झाले, डोळे मिटले, आणि पहिली ओळ अर्धी म्हणून होते न होते तोच सगळा जमाव मला तुडवून पुढे निघून गेला. टाळ्या, झांजा आणि एक ढोलकी. मी डोळे उघडले तेव्हा ते तिसऱ्या कडव्यात होते.

समोरच्या फ्लॅटमधल्या वासंतीबाई पुण्याच्या. त्या माझ्याहून थोड्या लहान, पण सल्ल्याच्या बाबतीत वडीलधाऱ्या. त्या म्हणाल्या, "अनुसूयाताई, जरा उचला ना. मुलांना ऑफिसचे कॉल असतात."

मी त्यांना शहाजीराजांपासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं मराठी किती गोड आहे हो. अगदी ऐतिहासिक."

हे वाक्य मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले. या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं की मूळ चालीचा पुरावा माझ्याकडे आहे, यंत्रासकट. मल्हार म्हणून मंडळाचा सेक्रेटरी आहे, नागपूरचा मुलगा, मोठ्या कंपनीत आहे आणि हौसेने गाण्याच्या यंत्रांचा नाद करतो. तो म्हणाला, "आजी, आणा पुरावा. पहिल्या दिवशी लावू. लोकांना जमली तर यंदा सगळे दिवस तुमच्याच चालीत म्हणू."

मी बाहेरून शांत राहिले, पण घरी येऊन दोनदा पाणी प्यायले. ती चाल म्हणणारी आता मी एकटी उरले आहे. सुमंत आरतीत नुसते ओठ हलवतो, त्याचं लक्ष मोदकांकडे. मी गेले की चाल गेली. एवढ्या माणसांच्या तोंडी ती एकदा बसली असती तर पुढे कुणी ना कुणी नेली असती.

मल्हारला टेपच फक्त हवी होती. म्हणे, ती त्याच्या नव्या यंत्रावर उतरवू, खरखर काढून टाकू, स्वच्छ करू. त्याने स्वतःचा स्पीकर आणून दाखवला, लाडवाच्या डब्याएवढा, त्याला ना वायर ना बटण. त्यावर एका बाईचं स्तोत्र लावलं. आवाज फार स्पष्ट होता, हे मान्य केलं पाहिजे. इतका स्पष्ट, की बाईंनी श्वास कुठे घेतला तेही कळत होतं, आणि ते कळण्याची मला काही गरज नव्हती. मी म्हटलं, "यात बाई गाते. आमच्या यंत्रात बाई घरात येऊन बसते. खरखर नाही, तो तिच्या पातळाचा आवाज आहे." मल्हार म्हणाला, यावर तांत्रिक उत्तर नाही. आम्ही यंत्र माळ्यावरून काढलं.

कळ दाबली. दिवा लागला, गुरगुर झाली, चक्रं हलेनात. मल्हारने मागचं झाकण काढलं तर आत चक्रं फिरवणारा रबरी पट्टा वितळून काकवी झालेला. त्याने बोट लावलं, ते दोन दिवस काळं राहिलं.

आता सल्ले सुरू झाले. वासंतीबाईंनी स्वतःचा केसांचा रबर काढून दिला. तो अर्धा फेरा फिरला आणि उडून देवघरात गेला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, मिक्सरचा पट्टा बघा. मिक्सरला पट्टा नसतो हे सांगितल्यावर ते दुखावले. संकुलातल्याच एका दुरुस्तीच्या दुकानदाराने यंत्राकडे प्रेमाने पाहून विचारलं, विकता का, कॉफीच्या दुकानात शोभेला ठेवतात. वर कुंडी छान दिसते. मी मल्हारला यंत्र उचलायला सांगितलं आणि बाहेर पडले. माझ्या सासूबाईंवर मनी प्लांट!

मग कुणी सांगितलं, चिकपेटेत मिळेल. चिकपेट मला लहानपणापासून पाठ, म्हणून मी मेट्रोने एकटीच गेले. पहिल्या दुकानात "बेल्ट" म्हटल्यावर त्याने माझी कंबर नजरेने मोजली आणि यजमानांसाठी का असं विचारलं. दुसऱ्याने शिलाई मशीनचा काढला, तिसऱ्याने पिठाच्या गिरणीचा, ज्याने ठकुबाईंना सरळ काशीला पोहोचवलं असतं. चौथा म्हणाला, "अम्मा, हा माल आता येत नाही. करून घ्यावा लागेल. पीण्याच्या कारखान्यांकडे जा."

मल्हारने रजा काढली आणि गाडीतून मला आणि यंत्राला पीण्याला नेलं. व्हाइटफील्ड ते पीण्या म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. वाटेत गाडी इतकी थांबत होती, की आमच्या आरतीच्या वेगाची मल्हारला चांगली कल्पना आली असावी. तिथे भीमाचार्य म्हणून आमच्याच नात्यागोत्यातल्या एका इंजिनिअरांचा कारखाना आहे. ते पंपांना लागणारी रबरी कडी करतात. जुना पट्टा मापाला उरलाच नव्हता. भीमाचार्यांनी कंपनीचं मूळ पुस्तक इंटरनेटवर शोधलं, आकडेमोड केली, साचा केला, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पट्टा घालून यंत्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "अक्का, कारखान्यातून निघालं होतं तस्संच करून दिलंय. केसभर इकडेतिकडे नाही."

मी त्यांना तोंड भरून आशीर्वाद दिला. आज तो परत घेता आला तर बरं होईल, असं कधीकधी वाटतं.

त्यांनी स्वतःच्या एका टेपवर यंत्र तपासलं. आमची टेप लावून बघू या का, असं मल्हारने विचारलं, पण मी हात आडवा केला. वर्षातून एकदा, तेही चतुर्थीलाच.

आता यंत्र घरी नेणं उरलं होतं, आणि आमच्या संकुलात वस्तू आत नेणं हे गड सर करण्यासारखं आहे. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला मोबाइलवर वस्तूचा प्रकार निवडावा लागतो: फर्निचर, फ्रिज, पाळीव प्राणी. तो बराच वेळ यंत्राकडे बघत राहिला. मल्हारने बाहेरून फोन करून कमिटीच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, जुनं विजेचं सामान आत आणायला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लागेल. माझ्यापेक्षा ते यंत्र वयाने लहान आहे, मला कुणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं, असं मी म्हटलं. शेवटी ठकुबाई आत आल्या त्या "पाळीव प्राणी" म्हणून. लस टोचली आहे का, या प्रश्नासमोर सुरक्षारक्षकाने "हो" दाबलं.

चतुर्थीला सभागृह भरलं. मी यजमानांनी शेवटची आणलेली हिरवी इरकल नेसले होते. यंत्र पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. त्याचा आवाज मागपर्यंत जाईना, म्हणून मल्हारने समोर माइक ठेवला आणि तो आपल्या त्या डब्याएवढ्या स्पीकरला जोडला. मी सगळ्यांना दोन शब्द सांगितले: शहाजीराजे, तलवारी, मूळ चाल, आणि दुसऱ्या कडव्यातला हुंकार, जिथे वाकायचं. वासंतीबाई पहिल्या रांगेत झांजा मांडीवर उलट्या ठेवून बसल्या होत्या. मी कळ दाबली.

पहिली ओळ ऐकली आणि मला वाटलं, भलतीच टेप लागली.

बारीक, लख्ख, धावता आवाज. कमरेला पदर खोचलेली, चुलीवर काहीतरी उतू जाईल म्हणून घाईत असलेली कुणी मुलगी गात होती. मल्हारला मी हळूच म्हटलं, "बंद कर. यंत्र बिघडलंय, भलतं पळतंय." त्याने ऐकलं नसावं, कारण तोवर मागून कुणीतरी टाळी धरली होती. मग दुसरी. वासंतीबाईंनी झांजा सुलट्या केल्या. दुसऱ्या ओळीला अख्खं सभागृह ठकुबाईंबरोबर म्हणत होतं, तोच वेग, तीच उडी, जणू हे सगळे लहानपणापासून तिच्याच मागे म्हणत आले होते. मला एक शब्दही पकडता येईना.

आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ती थांबली.

"अय्यो," ती म्हणाली, आणि हसली.

ओळ विसरली होती ती. खुदकन हसली, पुन्हा हसली, तिसऱ्यांदा हसू दाबायला गेली आणि ते नाकातून फुटलं. मग ओळ आठवली तशी पुढे पळाली. तिच्याबरोबर सगळं सभागृह हसलं. एवढ्या हसणाऱ्या माणसांत मी एकटी, सवयीने, कमरेत वाकून हात जोडून उभी होते.

आरती संपल्यावर मल्हारने भीमाचार्यांना फोन लावला. ते म्हणाले, पट्टा दरवर्षी थोडा सैल पडला असणार. यंत्र मंद फिरतं, आवाज खाली उतरतो. आताचा वेग बरोबर आहे. मला हे कुणी सांगायची गरज उरली नव्हती. मला यजमान आठवत होते, नमस्कार करून उठताना मान खाली घालून "आई दमली" म्हणणारे. मी ते मायेने म्हटलेलं समजत आले. ते तक्रार करत होते. त्यांनी आईला गाताना ऐकलेलं होतं. थोरल्या भावापुढे त्यापलीकडे बोलायची सोय नव्हती, आणि माझ्यापुढे बोलायला मी कधी विचारलं नाही.

म्हणजे शहाजीराजांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. एक रबर दरवर्षी सैल होत गेलं, त्याच्यामागे एक घराणं मंद होत गेलं, आणि आम्ही त्याला परंपरा म्हणालो.

वासंतीबाई दुसऱ्या दिवशी साटोऱ्या घेऊन आल्या. टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी मारला नाही, हेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "काय गोड गळा हो तुमच्या सासूबाईंचा. आम्ही ठरवलंय, यंदापासून मंडळात सगळ्यांनी ठकुबाईंच्याच चालीत म्हणायचं." आणि खरंच, विसर्जनापर्यंत रोज कुणीतरी ओरडे, "चला, ठकुबाईंची चाल," आणि सगळे पुण्याच्या वेगाने सुटत. नाव आमच्या घराण्याचं राहिलं. चाल गेली. हणमंतराव, यजमान, जावा, दूर्वा आणणारा तो थापाड्या भाचा, सगळ्यांनी मिळून जी म्हटली ती चाल आता माझ्या एकटीच्या तोंडात आहे, आणि ती कुणाची म्हणून म्हणावी हे मला कळत नाही.

विसर्जन झाल्यावर मल्हार आला. त्याने टेप मोबाइलवर उतरवून घेतली होती. मी गप्प गप्प असते हे त्याच्या लक्षात आलं असावं. म्हणाला, "आजी, यात वेग हवा तसा करता येतो. तुमचा जुना पाहिजे तर तोही आहे. बघा." त्याने पडद्यावर बोट मागे ओढलं आणि खोलीत तो आवाज आला. जड, खोल, दगडी. मी बसल्या जागी पदर सावरला. त्याने बोट पुढे नेलं. ती पळत आली. मागे नेलं की सासूबाई, पुढे नेलं की ठकुबाई. नव्या यंत्राबद्दल मी जे जे बोलले होते ते सगळं मागे घ्यायला हवं. जुन्याला एकच बाई जमत होती, आणि तीही चुकीची.

"कुठली ठेवू?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, ते हसू तेवढं पुन्हा लाव.

हर्षिता, माझी कानडी सून, पोळ्या टाकून दारात आली होती. उलथनं हातात तसंच. हसणं संपेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "ही मुलगी कोण, अत्ते?"

"तुझ्या आजेसासूबाई."

"ह्या? माझ्यापेक्षा लहान वाटतात."

होतीच ती लहान. हर्षितापेक्षा लहान, आणि माझ्यापुढे तर पोरच. तिच्या स्वयंपाकघरात मी जन्मभर तोंड मिटून वावरले. ओळ विसरली तर अय्यो म्हणून हसणारी बाई होती ती. मी गुणगुणले असते तर बहुधा पुढची ओळ तिने म्हटली असती. मल्हारने मोबाइल माझ्या हातात दिला. मी पुन्हा एकदा लावलं, आणि हर्षिताला म्हटलं, हिच्या हाताखाली नांदायला मला आवडलं असतं.